नेटवर सापडलेलं नाटक रंगमंचावर आणताना

स्पर्धेच्या तारखा जवळ आल्या की हौशी संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते : "कुणाकडे चांगली संहिता आहे का? पीडीएफ चालेल." तासाभरात दहा-पंधरा पीडीएफ येऊन पडतात. कुणी मोबाईलवर फोटो काढून जोडलेल्या, कुणाच्या पहिल्या चार पानांचा पत्ता नसलेल्या. त्यातली एक निवडली जाते, झेरॉक्स निघतात, तालमी लागतात. परवानगीचं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "नेटवर आहे ना, मग काय!" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पहिल्या बैठकीतच त्यावर बोलून घेतो. नेटवर सापडलेली संहिता वाचायला मोकळी असते. ती प्रयोगाला मोकळी आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं.

शोधायचं कुठे

जुन्या मराठी नाटकांसाठी आधी इंटरनेट आर्काइव्ह. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ची स्कॅन केलेली मराठी पुस्तकं तिथे मोठ्या संख्येने आहेत. नुसतं देवनागरीत नाव टाकून काही आलं नाही म्हणून हार मानू नका. त्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत आहेत, स्वर दुप्पट करून, कधी शब्दाच्या मध्येच अवतरणचिन्ह घालून. लेखकाचं आडनाव तीन-चार प्रकारे लिहून बघा. मजकूर टाईप केलेला हवा असेल तर मराठी विकिस्रोत. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश फुकट शोधता येतात.

बाहेरची नाटकं वाचायला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. प्रयोग बघायला संगीत नाटक अकादमीचं यूट्यूब चॅनल आहे, पैसे भरायची तयारी असेल तर लंडनच्या नॅशनल थिएटरची 'ॲट होम' सेवा आहे. बघा जरूर, पण बसवायच्या नाटकाचा प्रयोग तालमी सुरू होण्याआधी नटांना दाखवू नका.

मजकूर काढणं

पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा, मराठी मजकूर निघतो. मोठी फाईल दहा-दहा पानांत तोडून घ्या. त्यानंतर मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायची, इथे आळस नको. यंत्र 'भ' आणि 'म'मध्ये फसतं, 'ध' आणि 'घ'मध्ये फसतं. आमच्या एका संहितेत "घडा भरला"चं "घडा मरला" झालं होतं आणि नटाने ते तसंच पाठ केलं होतं. पात्रांची नावं डावीकडे वेगळ्या रकान्यात असतील तर यंत्र आधी सगळी नावं एकाखाली एक काढतं आणि मग संवाद सलग ओततं. असं पान सरळ हाताने टाईप केलेलं बरं. 'कांहीं', 'नाहीं' यांवरचे जुने अनुस्वार नटांच्या प्रतीतून काढून टाका, नवखी मुलं ते नाकातून उच्चारतात. फॉन्ट युनिकोडच ठेवा.

हक्क

आता ज्यावर माझा एक संपूर्ण हंगाम वाया गेला, ते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही एक अनुवादित दोन अंकी नाटक घेतलं. मूळ परदेशी लेखक जाऊन शंभर वर्षं उलटली होती, त्यामुळे सगळे निर्धास्त. आमची पीडीएफ थेट 'अंक पहिला'पासून सुरू होत होती. अडतीस दिवस तालमी झाल्या. प्रवेशिकेबरोबर लेखकाचं संमतीपत्र जोडायची वेळ आली तेव्हा मी एका ग्रंथालयात जाऊन त्या पुस्तकाची अख्खी प्रत काढली. मुखपृष्ठ, मग नामपान, आणि ते उलटल्यावर तळाशी बारीक टाइपात एक ओळ : 'या अनुवादाच्या प्रयोगाचे सर्व हक्क अनुवादकाच्या स्वाधीन.' अनुवादक हयात नव्हते. त्यांच्या घरी फोन केला. काकू शांतपणे म्हणाल्या, "आम्ही ते नाटक दोन वर्षांसाठी दुसऱ्या संस्थेला लिहून दिलंय. तुम्ही आधी विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं." प्रवेशिका भरायला चार दिवस उरले होते. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीचे दोन्ही अंक तोंडपाठ होते. तिला हे सांगायला मी तिच्या घरी गेलो, फोनवर सांगवलं नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हक्कपान, मग वाचन, मग पात्रनिवड. नामपानाच्या मागच्या बाजूला हक्क कुणाकडे हे छापलेलं असतं, आणि स्कॅनमध्ये नेमकं तेच पान गळालेलं असतं. आर्काइव्हवर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधा, दुसरी आवृत्ती शोधा, नाहीतर ग्रंथालयात जाऊन त्या पानाचा फोटो काढा. हे पान हाती नसेल तर तालीम लावू नका.

मग तारखांचा हिशोब. भारतात लेखकाच्या निधनानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. "लेखक वारले म्हणजे हक्क संपले" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. "पन्नास वर्षं झाली की मोकळं" हेही जुनं झालं, १९९२ साली मुदत ६० वर्षांची झाली. किर्लोस्कर, देवल, गडकरी मोकळे आहेत. खाडिलकरांचं निधन १९४८चं, म्हणजे हक्क २००८अखेर संपले. मामा वरेरकर १९६४ साली गेले, त्यांची नाटकं १ जानेवारी २०२५पासून खुली. सावरकरांची १ जानेवारी २०२७पासून. अत्र्यांचं निधन १९६९चं, म्हणून 'साष्टांग नमस्कार' १९३३चं असलं तरी ते २०३० उजाडेपर्यंत मोकळं नाही. नाटक कधी लिहिलं याने हिशोब बदलत नाही, लेखक कधी गेला ते बघायचं. कुसुमाग्रज, तेंडुलकर यांचं नाटक करायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यभर विचारूनच करावं लागेल.

दुसरा सापळा, ज्यात मी अडकलो तो : अनुवाद आणि रूपांतर ही स्वतंत्र कृती असते, तिचा हक्क वेगळा मोजला जातो. बर्नार्ड शॉ १९५० साली गेले, भारतात त्यांचं 'पिग्मॅलियन' २०११पासून कुणीही करावं. पण त्यावरचं 'ती फुलराणी' पु.लं.चं आहे, पु.ल. २००० साली गेले, म्हणजे २०६०अखेरपर्यंत परवानगी लागणार. मूळ नाटक मोकळं आणि अनुवाद अडकलेला असेल तर सरळ नवा अनुवाद करा. मी त्यानंतर दोनदा तसं केलं. तीन महिने जास्त लागले, पण भाषा आमच्या नटांच्या तोंडात बसली. मात्र जुना अनुवाद समोर ठेवून शब्द फिरवत बसायचं नाही, तो अनुवाद होत नाही.

तिसरी गोष्ट संगीत नाटकांची. 'एकच प्याला'ची संहिता गडकऱ्यांची, पण पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गुर्जर १९६२ साली गेले. म्हणजे गद्य कित्येक वर्षं मोकळं होतं तेव्हाही पदांचा हक्क २०२२अखेरपर्यंत उभा होता. चालींचा हक्क संगीतकाराचा. 'मानापमान'मध्ये खाडिलकर आणि गोविंदराव टेंबे दोघेही मुदतीबाहेर गेलेत, म्हणून पेटी-तबल्यावर खुशाल गा. पण अलीकडची ध्वनिमुद्रिका किंवा तयार ट्रॅक लावलात तर तो तिसऱ्याच कुणाचा असतो.

"आम्ही हौशी आहोत, आम्हाला परवानगी लागत नाही" हे अर्धवट खरं आहे आणि म्हणून जास्त घातक. हौशी मंडळाने फुकट बसलेल्या प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. दहा रुपयांचं का होईना, तिकीट लावलं की ती सवलत गेली. माझं म्हणणं, सवलत असतानाही विचारा. विचारलं म्हणून कुणी माझ्या तोंडावर फोन आपटलेला नाही. उलट एका लेखिकेच्या मुलाने आईच्या हस्तलिखितातला, पुस्तकात न छापलेला प्रवेश आम्हाला पाठवला होता.

हक्कदार शोधायला आधी प्रकाशक, मग नाटकाचे मागचे प्रयोग केलेली संस्था. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंद सापडली नाही म्हणजे हक्क नाही असा अर्थ काढू नका, नोंदणी सक्तीची नाही. महिनाभर शोधूनही कुणी सापडलं नाही तर मी दुसरं नाटक घेतो.

परदेशी नाटक

लेखकांच्या वतीने प्रयोगाची परवानगी देणाऱ्या कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्ससारख्या संस्थांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. नाट्यगृह, आसनसंख्या, तिकीटदर, तारखा भरायच्या, ते रक्कम कळवतात. तो अर्ज असतो आहे त्या भाषेतल्या प्रयोगाचा. मराठी करण्याची परवानगी वेगळी, ती लेखकाच्या प्रतिनिधीला पत्र लिहून मागावी लागते आणि उत्तराला महिने लागतात. महाराष्ट्र मंडळांनी परदेशात प्रयोग करताना तिथला कायदा बघावा. शॉ ब्रिटनमध्ये २०२१ साली मोकळे झाले, आपल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा.

पत्र

परवानगी लेखीच घ्या, कायद्यालाही लेखीच लागते. पत्रात नाटकाचं आणि अनुवादकाचं नाव, प्रयोग किती, कुठे, कोणत्या मुदतीत, दर प्रयोगाचं मानधन, काटछाट करणार असाल तर कोणते प्रवेश, आणि चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार का, हे सगळं यायला हवं. शेवटचा मुद्दा हल्ली सगळे विसरतात. प्रयोगाची परवानगी म्हणजे यूट्यूबची परवानगी नव्हे. मानधन पत्राबरोबरच पाठवा, "प्रयोगानंतर बघू" असं लेखकाच्या घरच्यांना सांगायला लावू नका.

मग संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉर बोर्डाकडे, प्रमाणपत्रासाठी. तिथे जाते तीच प्रत नटांच्या हातात हवी, तालमीत वाढवलेली वाक्यं त्यात आधी घालून घ्या. प्रमाणपत्र आणि संमतीपत्र दोन्हीची एकेक झेरॉक्स प्रॉम्प्टरच्या फाईलमध्ये पहिल्या पानाला टाचून ठेवा.