थंडीत निलगिरीचं तेल घरात कसं आणि किती वापरावं

डिसेंबर लागला की निफाडच्या बाजूला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि आमच्या नाशिकच्या घरात पहाटेपासून शिंका सुरू होतात. मग कपाटातून निलगिरीची बाटली निघते. ती बहुतेक मराठी घरांत असते. पण किती थेंब, कुणाला आणि कशातून, याचा हिशेब फार कमी जण ठेवतात. मीही ठेवत नव्हते. एकदा वाफाऱ्याच्या पाण्यात अंदाजाने बाटली उपडी केली आणि डोळ्यांत अशी आग झाली की पंधरा मिनिटं डोळे उघडता आले नाहीत. तेव्हापासून थेंब मोजते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सर्दी विषाणूंमुळे होते आणि कुठलंही सुगंधी तेल तो विषाणू शरीरातून हाकलत नाही. निलगिरीतलं सिनिओल किंवा पुदिन्यातलं मेंथॉल हुंगलं की नाकात थंडावा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रात्री झोप लागावी म्हणून हा आराम मोलाचाच आहे. मात्र ताप, धाप आणि छातीतली घरघर यांवर हे औषध नाही. ती लक्षणं दिसली तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

पायरी १ : तेल बघून घ्या

निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांत लावली आणि आपण झाडालाच डोंगराचं नाव देऊन टाकलं. दुकानात त्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. गडद काचेची बाटली, लेबलवर युकॅलिप्टस हे शास्त्रीय नाव आणि मुदतीची तारीख, एवढं तरी बघा. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा. काही तासांनी डाग उडून गेला तर ठीक. तेलकट वर्तुळ राहिलं तर त्यात खाद्यतेलासारखं दुसरं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी.

पायरी २ : अंगाला लावायचं तर पातळ करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी हीच सुटते. पातळ न केलेली निलगिरी थेट कातडीला लावू नका. ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब टाका. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास येतं आणि मोठ्या माणसांना तेवढं पुरतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे थंडीत तिळाचं तेल सोयीचं पडतं. शिवाय संक्रांतीच्या दिवसांत ते घरात असतंच.

मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि एक दिवस थांबा. खाज, लाली किंवा पुरळ आलं नाही तर रात्री छातीला, पाठीला आणि तळपायांना चोळा. चोळल्यानंतर हात साबणाने धुवा, नाहीतर तीच बोटं डोळ्यांकडे जातात. लवंगेचं आणि दालचिनीचं तेल या कामाला घेऊ नका. त्वचेला ती फार झोंबतात.

पायरी ३ : वाफारा

पाणी उकळलं की गॅस बंद करा. डेकची ओट्यावरून उतरवून पक्क्या टेबलावर ठेवा आणि दोन मिनिटं जाऊ द्या. मगच २ किंवा ३ थेंब टाका. पेटत्या गॅसजवळ टाकू नका, हे तेल पेट घेतं. डोळे मिटून, चेहरा हातभर लांब ठेवून पाच मिनिटं वाफ घ्या. टॉवेल डोक्यावरून घेतलात तरी मध्येच बाहेर येऊन श्वास घ्या. दम्याच्या माणसाला उग्र वासानेच त्रास वाढू शकतो. त्याच्यासाठी साधी, बिनतेलाची वाफही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

लहान मुलांना गरम पाण्याच्या भांड्यासमोर बसवू नका. डेकची कलंडून मुलं भाजल्याच्या घटना घडतात, आणि त्या सगळ्या टाळता येण्यासारख्या असतात.

पायरी ४ : खोलीत सुगंध

डिफ्यूझर, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणारं छोटं यंत्र, असेल तर १०० मिली पाण्यात ३ ते ४ थेंब पुरेत. अर्धा तास चालवून बंद करा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. गवती चहाच्या तेलाचा वास यात छान येतो. घरात मांजर असेल तर मात्र डिफ्यूझर नको. मांजरीच्या यकृताला या तेलांचा निचरा नीट करता येत नाही.

बाळ घरात असेल तर

हे जरा सविस्तर लिहिते, कारण इथे प्रेमापोटीच चूक होते. आपल्याकडे बाळाच्या छातीला कापूर घातलेलं खोबरेल लावतात, गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधतात, शेगडीवर ओवा-शेपा-वावडिंग टाकून धुरी देतात. आजीचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण कापूर कातडीतूनही अंगात जातो, आणि पोटात गेला तर मुलाला आकडी येऊ शकते. मेंथॉल किंवा निलगिरी तान्ह्या बाळाच्या नाकाशी धरली तर श्वास अडकू शकतो. धुरीचा धूर तर कोवळ्या फुप्फुसांना सरळ त्रासच देतो. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाला यातलं काहीच नको. मी माझ्यापुरती मर्यादा सहा वर्षांची ठेवली आहे. त्याखालच्या मुलांच्या अंगाला ही तेलं लावत नाही.

मग बाळाचं नाक चोंदलं तर? मेडिकलच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, नाकाचे थेंब मिळतात. डॉक्टरांना विचारून ते वापरा, आईचं दूध चालू ठेवा आणि बाळाला उबदार कपडे घाला. आजींना हे सांगताना पुरचुंडी हिसकावू नका. ओवा तव्यावर भाजून, फडक्यात बांधून आजींनी स्वतःच्या गुडघ्याला शेक घ्यावा, असं सुचवा. ती चीज तिथे खरंच कामाची आहे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कुठलंही तेल वापरण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

पायरी ५ : बाटली कुठे ठेवायची

कुलपात. देव्हाऱ्यातला कापूरही उंचावर. निलगिरीचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, पोटात गेला तरी लहान मूल अत्यवस्थ होऊ शकतं. मध, साखर किंवा गरम पाणी कशाबरोबरही ही तेलं मुलांना पाजू नका, मोठ्यांनीही पिऊ नयेत. चुकून मुलाने प्यायलं तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा, आणि बाटली बरोबर न्या. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.

बाटली उघडलीत त्या दिवसाची तारीख लेबलवर पेनाने लिहा. वर्षभरानंतर उरलेलं तेल अंगाला लावू नका. जुनं झाल्यावर ते त्वचेला जास्त बोचतं.