गोव्याच्या दमट हवेत हिकरीचे धनुष्य

हिकरी हे उत्तर अमेरिकेतले लाकूड. ताण सोसण्यात ते इतके पक्के असते की पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, बांबू किंवा कापड न चिकटवता साध्या फळीचे धनुष्य होते. पण हे लाकूड ओले झाले की पोटाकडचे, म्हणजे खेचणाऱ्याकडच्या बाजूचे, तंतू दबतात आणि दबलेलेच राहतात. जुलैत फोंड्याला घडवलेले धनुष्य सहसा तुटत नाही. ते मऊ पडते, दोरी काढल्यावरही वाकलेले राहते आणि बाण रेंगाळत जातो. म्हणून इथे रंध्याला हात लावण्याआधी वाळवण्याची पेटी तयार हवी.

खालची मापे २८ इंच खेचीला सुमारे ४० पौंड जोर देणाऱ्या धनुष्याची आहेत. अमेरिकेत अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी किमान ४० पौंडांचा नियम आहे, शिकारी धनुष्याचा हा आकडा तिथला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. तेव्हा हे धनुष्य गवताच्या लक्ष्यासाठीच.

फळी

स्थानिक सॉ मिलमध्ये हिकरी मिळण्याची आशा ठेवू नका. आयात लाकडाच्या व्यापाऱ्याकडून मागवावी लागते. फळी ७२ इंच लांब, २ इंच रुंद, २० मिमी जाड घ्या. एवढ्या तुकड्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. १.३ किलोच्या खाली असेल तर परत करा.

रेषा बघताना कमानीसारख्या मोठ्या नक्षीवर जाऊ नका, ती फसवते. तंतूंची खरी दिशा बारीक छिद्रांच्या सुईसारख्या रेघांवरून कळते. या रेघा रुंद बाजूवर आणि कडेवर, दोन्हीकडे टोकापासून टोकापर्यंत धावल्या पाहिजेत. मधेच कडेबाहेर पडल्या तर धनुष्य तिथेच उकलते. गाठ अजिबात नको. टाचणीएवढी भोके किंवा पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंगेरा आहे. हिकरीचे पांढरे लाकूड त्याला फार आवडते.

वाळवण

व्यापाऱ्याने ‘भट्टीत वाळवलेली’ म्हटले तरी किनाऱ्यावर आल्यावर फळी पुन्हा ओलावा ओढते. ८५ टक्के आर्द्रतेत लाकूड १७-१८ टक्के ओलाव्यावर स्थिरावते; आपल्याला ६ ते ८ टक्के हवा.

प्लायची साडेसहा फूट लांब, एक फूट रुंद-उंच पेटी करा. तळाशी दोन टोकांना तारेचे ६० वॅटचे बल्ब लावा. एलईडीची ऊब पुरत नाही. बल्ब प्लायपासून किमान ४ इंच दूर असावा आणि पेटी घरात कोणी नसताना पेटती ठेवू नये. खाली चार आणि वर चार, १२ मिमीची भोके पाडा, नाहीतर निघालेली वाफ आतच कोंडते. आतले तापमान ४२ ते ४५ अंश ठेवा. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३३ टक्क्यांपर्यंत उतरते, आणि तेवढ्यात काम होते. थर्मामीटर ५० दाखवू लागला तर बल्ब ४० वॅटचे करा.

फळीच्या दोन्ही टोकांना आधी फेव्हिकॉलचा थर द्या, म्हणजे टोके तडकणार नाहीत. रोज डिजिटल काट्यावर वजन करून लिहा. तीन दिवस एक ग्रॅमचाही फरक पडला नाही की फळी तयार.

आखणी आणि कापणी

सूत ताणून मधली रेघ मारा. धनुष्य ७० इंच, दोरी अडकवायच्या खाचेपासून खाचेपर्यंत ६८. मूठ ४ इंच लांब, सव्वा इंच रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना २ इंचांत उतार देत रुंदी पावणेदोन इंचांवर न्या. पात्याच्या (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाच्या) मध्यापर्यंत ती तशीच ठेवा आणि तिथून टोकाला अर्ध्या इंचावर उतरवा. कोरड्या प्रदेशात दीड इंचावर भागते. इथे रुंदीत कंजुषी करू नका, कारण रुंद पोटावर दाब वाटला जातो.

मुठीसाठी त्याच फळीचा ८ इंचांचा तुकडा पोटाकडून चिकटवा. सागवान नको, त्यातल्या तेलामुळे सांधा सुटतो. हळू वाळणारा अ‍ॅराल्डाइट वापरा आणि तुकड्याची टोके कागदाइतकी पातळ होईपर्यंत उतरवा. टोके बोथट राहिली तर पाते वाकताना तुकडा उडतो.

जाडी मुठीजवळ १६ मिमी, टोकाला १३ मिमी. पाठीला रंधा लावायचा नाही, फक्त धारा गोलसर करा.

टिलरिंग

टिलरिंग म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकतील अशी लाकूड काढत घडवणे. सगळे कसब इथे लागते. रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते. जाडी मात्र तिच्या घनाच्या हिशेबाने बोलते. दहा टक्के जाडी गेली की ताठपणा सुमारे २७ टक्के उतरतो. रंधा लवकर खाली ठेवा, कानस आणि स्क्रेपरवर या.

आधी टोक जमिनीवर टेकवून दाबा. दोन्ही पाती सारखी वाकू लागली की पोटाला ऊब द्या. धनुष्य दीड इंच उलटे वाकवून साच्याला क्लॅम्प लावा आणि हीट गन ४ इंचांवरून, पोट कॉफीसारखे तपकिरी होईपर्यंत सावकाश फिरवा. चिकटवलेल्या मुठीच्या टोकापासून ४ इंच सोडा, उष्णतेने अ‍ॅराल्डाइट मऊ होतो. त्यानंतर चार दिवस खोलीत ठेवा. लगेच वाकवलेले लाकूड कोरडेपणाने तडकते.

आता लांब दोरी लावून भिंतीवरच्या खुंटीवर खेचा. जोर सामान तोलायच्या काट्यावर बघा आणि ४० पौंडांपलीकडे कधीच नेऊ नका, अंतर कितीही कमी असले तरी. ताठ दिसेल तिथे पेन्सिलने खूण करून फक्त तिथलेच लाकूड काढा, मग वीस-तीस वेळा अर्धवट खेचा आणि मगच पुन्हा बघा. घाईत एका जागी जास्त खरवडले तर तिथे बिजागरी होते, आणि बाकीचे सगळे पाते तेवढे पातळ करण्याखेरीज इलाज उरत नाही. पोटावर आडव्या केसासारख्या रेघा उमटल्या तर तिथले लाकूड चिरडले आहे. शेजारच्या दोन्ही बाजू मऊ करून भार हलवा.

वरच्या आणि खालच्या पात्याच्या वाकात ३ ते ६ मिमी फरक ठेवा, खालचे थोडे ताठ. दोरी बारा धाग्यांच्या डेक्रॉनची (पॉलिएस्टरची), मुठीपासून सहा ते साडेसहा इंच अंतरावर.

दरवेळी काम थांबवले की दोरी काढून धनुष्य सपाट पाटावर ठेवा आणि मूठ किती उचलली ते मोजा. एका दिवसात अर्धा इंच वाढ म्हणजे आकाराचा दोष नव्हे, ओलावा शिरला आहे. त्यावर खरवडत राहिलात तर धनुष्याचा जोरच जाईल. आठवडाभर पेटीत ठेवा, मग पुढे चला. शेवटचा वाक दीड-दोन इंचांच्या आत राहिला तर धनुष्य उत्तम.

पावसाळ्यासाठी

पॉलियुरेथेनचे पाच पातळ हात द्या, खाचांच्या आतसुद्धा. वार्निश ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करते. जूनपासून धनुष्य दोरीशिवाय, ४ इंची पीव्हीसी पाइपमध्ये दोन्ही टोके बंद करून ठेवा आणि आत अर्धा किलो सिलिका जेल टाका. जेलचा रंग बदलला की कढईत गरम करून पुन्हा वापरता येते. ऑक्टोबरमध्ये पहिला बाण सोडण्याआधी दोन आठवडे पेटीत ठेवा आणि तयार धनुष्याच्या नोंदवलेल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. पाच-दहा ग्रॅम जास्त असेल तर अजून थांबा.