पुठ्ठ्याच्या लगद्यापासून पेपरक्रीटच्या विटा घरी कशा करायच्या

ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी साठतात आणि रद्दीवाला त्याचे फारसे पैसे देत नाही, त्यापेक्षा लगदा करून सिमेंटमध्ये मिसळा, वजनाला हलक्या आणि उन्हाची झळ अडवणाऱ्या विटा होतात, या मिश्रणालाच पेपरक्रीट म्हणतात. पूर्वी बायका रद्दी भिजवून मेथी घालून कुटायच्या आणि उपड्या भांड्यावर थापून टोपल्या करायच्या, हे काम त्याच्याच जवळचं, फक्त मेथीच्या जागी सिमेंट.

आधी सेलोटेप, पिना, लेबलं काढा. प्लास्टिकचा चकचकीत थर असलेला पुठ्ठा घेऊच नका, तो भिजतच नाही. बाकीचा तळहाताएवढा फाडून ड्रममध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. इथे घाई केली की पुढे सगळं नडतं, थर आपोआप सुटले पाहिजेत आणि बोटांनी चोळल्यावर तुकडा विरला पाहिजे. मग ड्रिल मशीनला पेंट ढवळायचा रॉड लावून घट्ट पिठल्यासारखं होईपर्यंत फिरवा.

लगदा जुन्या मच्छरदाणीत बांधून टांगा आणि पाणी गळू द्या. मूठभर घेऊन दाबून बघा, बोटांच्या फटीतून थेंब थेंब यायला हवेत, धार लागली तर अजून थांबा कारण जास्त ओल्या विटा वाळताना फार आकसतात.

3 बादल्या लगदा, 1 बादली वाळू, 1 बादली सिमेंट, हे माप सुरुवातीला बरं. हातमोजे आणि मास्क घालाच, ओलं सिमेंट कातडी खातं.

12 बाय 6 बाय 4 इंचांचा बिनबुडाचा लाकडी साचा करा, आतून तेलाचा हात फिरवा, कोपऱ्यांत दाबून भरा आणि अलगद उचला. पहिले तीन दिवस सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, सिमेंटला ओल लागते. नंतर उन्हात, रोज कूस बदलत, दोन-तीन आठवडे तरी. पूर्ण वाळलेली वीट करवतीने कापता येते, तिच्यात खिळाही ठोकता येतो, मला तर हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

पण या विटांवर स्लॅबचा भार टाकू नका, घराच्या पायात किंवा बाथरूममध्ये तर अजिबात वापरू नका, त्या पाणी शोषतात. आगीत भडकत नाहीत पण आतल्या आत धुमसू शकतात, म्हणून चुलीपासून लांबच बऱ्या. शेडमधली आतली आडभिंत, कोंबड्यांचं खुराडं, बागेतला कट्टा यांना छान, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा मात्र हवाच. आणि हे काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात विटा वाळायच्या आधी बुरशी धरतात.