बागेच्या अवजारांची निगा: धार लावण्याआधी आणि नंतर

छाटणीची कात्री म्हणजे सिकेटर फांदी कापायच्या ऐवजी चुरगळू लागली, की बहुतेकजण लगेच कानस शोधतात. आधी दोन पाती जोडणारा सांध्यावरचा नट तपासा. कात्री उघडी धरून दोन्ही पाती आडवी हलवून पाहा. जराशी जरी हलली तरी धार कितीही असो, कोवळी साल पात्यांच्या फटीत अडकणार आणि काप फाटणार. दुसरा दोषी म्हणजे वाळलेला चीक. त्याचा काळा थर पात्यांना एकमेकांजवळ येऊच देत नाही. बऱ्याच कात्र्या नुसत्या धुऊन आणि नट कसून पुन्हा नीट कापू लागतात.

कात्री खोलताना सुटे भाग काढलेल्या क्रमाने कापडावर मांडा, आणि स्प्रिंग उडू नये म्हणून तिच्यावर बोट ठेवा. कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. राहिलेला चीक स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. गंज असेल तर पाती पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवा, मग स्टीलच्या काथ्याने घासा. त्यानंतरची पायरी चुकवू नका: लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात पाती धुवा आणि लगेच कोरडी पुसा. व्हिनेगरचा आम्ल अंश राहिला तर दुसऱ्याच दिवशी नवा गंज चढतो.

आता धार. एकमेकांवरून सरकणाऱ्या पात्यांच्या कात्रीत फक्त एका पात्याला धार असते, तीही बाहेरच्या उतरत्या बाजूला. त्या उताराचा मूळ कोन, साधारण २० ते २५ अंश, तसाच राखा. उतारावर मार्करने रेघ ओढून कानस फिरवली, की शाई कुठे पुसली जाते त्यावरून कोन बरोबर आहे का ते कळते. कानस एकाच दिशेने, पुढे ढकलतानाच टेकवा. मागे ओढताना उचला, नाहीतर तिचे दात बोथट होतात. पाच-सहा फेऱ्यांत मागच्या बाजूला बारीक खरखर लागू लागेल. ती धार लावायच्या बारीक कणांच्या दगडावर पाते पूर्ण सपाट ठेवून एक-दोनदा सरकवून काढा. मागची बाजू घासून तिरकी केली, की पात्यांमध्ये कायमची फट पडते. आकड्यासारख्या दुसऱ्या पात्याला धार लावायची नसते. ग्राइंडर तर नकोच: पाते तापून निळे पडले की पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते आणि मग धार टिकत नाही.

जोडताना सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. खाद्यतेल हवेत चिकट होते आणि धूळ धरते. पाती हलणार नाहीत, पण कात्री अडखळणारही नाही, इतपतच नट कसा. सगळे जमले असेल तर कागद टोकापर्यंत सरळ कापला जातो.

रोगट झाड छाटत असाल तर दुसऱ्या झाडाकडे वळताना पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ब्लीचही चालते, पण ते धातू खाते, म्हणून नंतर धुऊन तेल लावावे लागते.

खुरपे, कुदळ, फावडे यांची कथा सोपी. ओली माती आणि खताचे क्षार लोखंडाला चिकटून राहिले की गंज लागतो, म्हणून त्याच दिवशी माती खरवडून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. कुदळीची धार सुरीसारखी पातळ करू नका. पहिल्याच दगडावर तिचे तुकडे उडतील.

दांडा ढिला झाला की अवजार रात्रभर पाण्यात ठेवले जाते. लाकूड फुगून घट्ट बसते खरे, पण नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, दाबले गेलेले तंतू वाळल्यावर आधीपेक्षा जास्त आकसतात आणि दांडा आणखी ढिला होतो. त्याऐवजी कठीण लाकडाची कोरडी पाचर ठोका. दांडा पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने वरचे तेल पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा. तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.