चारही इंडिकेटर लावून सरळ जाताय? दिवे, इंडिकेटर आणि क्रूझ कंट्रोल: या चुका टाळा

चौकात सिग्नल सुटतो आणि पुढची गाडी चारही इंडिकेटर टकटकवत सरळ निघते. चालकाच्या मनात हिशोब साधा असतो: डावीकडे नाही, उजवीकडे नाही, म्हणजे सरळ. पण डावीकडच्या रस्त्यावरून येणाऱ्या रिक्षावाल्याला त्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते. त्याच्या लेखी ही गाडी डावीकडे वळणार, म्हणजे त्याला आडवी येणार नाही. तो बिनधास्त पुढे घुसतो. पुढचं सांगायला नको.

सरळ जाण्यासाठी कुठलाच इंडिकेटर लावायचा नसतो. चारही इंडिकेटर लावणारं लाल त्रिकोणाचं ते ‘हॅझर्ड’ बटण आहे ‘मी अडचणीत आहे, मी थांबलोय’ हे सांगायला. दिव्यांच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडतं. आपण आपल्या मनात एक अर्थ धरून दिवा लावतो आणि समोरचा त्याच्या जागेवरून भलताच अर्थ घेतो.

पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर तर हा रोगच पसरतो. खंडाळ्याच्या घाटात ढग उतरले किंवा भाताणच्या बोगद्यात शिरलं, की एकामागोमाग एक गाड्या हॅझर्ड लावून पळायला लागतात. मागच्याने काय समजायचं? यातली कुठली गाडी चालतेय, कुठली खरंच बंद पडून उभी आहे? शिवाय हॅझर्ड चालू असताना लेन बदलायचा इंडिकेटर दिला, तरी तो मागच्याला कळेलच असं नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत जोरात ब्रेक दाबला की हॅझर्ड आपोआप लुकलुकतात, मागच्याला सावध करण्यासाठी. ते आधीपासूनच चालू असतील तर त्या इशाऱ्याचं मोल काय उरलं? पावसात आणि बोगद्यात हेडलाईट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, ठेवा, वेग कमी करा, अंतर वाढवा. पुढे अचानक वाहतूक ठप्प झालेली दिसली, तर मागचे सावध होईपर्यंत क्षणभर हॅझर्ड लावणं समजण्यासारखं आहे. गाडी बंद पडली तर हॅझर्ड लावाच, पण तेवढ्यावर भागवू नका. डिकीतला परावर्तक त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे नेऊन ठेवा आणि माणसांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा. त्रिकोण गाडीला टेकवून ठेवणारे महाभाग आहेत. त्याचा उपयोग शून्य.

पुढून झगमगाट, मागून काळोख

ही चूक नव्या गाड्यांनी आणली. दिवसा जळणारे डीआरएल (डेटाइम रनिंग लाईट) पुढून छान चमकतात, डॅशबोर्डचा पडदाही कायम उजळलेला असतो, त्यामुळे चालकाला वाटतं दिवे चालू आहेत. पण बहुतेक गाड्यांत डीआरएलसोबत मागचे टेल लाईट लागत नाहीत. संध्याकाळी साडेसातला, भर पावसात, करड्या रंगाची गाडी मागून दिसतच नाही. पूर्वी दिवे लावले नाहीत तर मीटर दिसायचा नाही, त्यामुळे चूक लगेच कळायची. आता कळत नाही.

‘ऑटो’वर ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ऑटो दिव्यांचा सेन्सर फक्त उजेड मोजतो. दुपारी तीन वाजता धुवांधार पावसात दृष्टी पन्नास मीटरवर आलेली असते, पण आकाशात उजेड भरपूर असतो, मग सेन्सर दिवे लावत नाही. काही गाड्यांत वायपर चालू झाला की दिवे लागतात, सगळ्यांत नाही. पाऊस, धुकं, धुळीचं वादळ असं काही आलं की स्टिअरिंगजवळची दिव्यांची कांडी स्वतः फिरवून हेडलाईटवर आणायची. आणि उलट तक्रार असेल, म्हणजे भर उन्हात दिवे आपोआप लागत असतील, तर आधी डॅशबोर्डवर बघा. सेन्सर बहुतेक वेळा काचेच्या पायथ्याशी, डॅशबोर्डच्या वरच असतो, आणि नेमका त्यावरच गणपती बसवलेला असतो किंवा टोलची पावती, रुमाल पडलेला असतो. बाप्पांना चार बोटं सरकवा, वायरमनकडे जायची गरज नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही दिवे लावणं बंधनकारक आहे. नव्या दुचाकींना एप्रिल २०१७ पासून हेडलाईट आपोआप चालू राहण्याची सक्ती झाली, मोटारींना तशी सक्ती नाही. त्यामुळे बटण आपल्यालाच दाबावं लागतं. नुसत्या पार्किंग लाईटवर शहरभर फिरणं हे दिवे लावणं नव्हे. पार्किंग लाईट उभ्या गाडीसाठी असतात, नावातच आहे.

अप्पर, डिपर आणि ती विसरलेली चकती

अप्परवर गाडी चालवण्याबद्दल इतकं बोललं गेलंय की मी थोडक्यात उरकतो. समोरून वाहन आलं की डिपर. कुणाच्या मागे चाललाय तरीही डिपर, कारण त्याच्या आरशात तुमचा सगळा झोत जातो. धुक्यात अप्पर लावला तर पांढरी भिंत दिसते, रस्ता नाही. आंबोली, माळशेजला जुलैत हे ज्याने त्याने बघावं. घाटातल्या आंधळ्या वळणावर रात्री मात्र एकदा अप्पर-डिपर देणं हॉर्नपेक्षा उपयोगी पडतं, कारण झोत वळणाच्या पलीकडे आधी पोचतो. मागचा लाल फॉग लॅम्प धुकं सरताच बंद करा. तो ब्रेक लाईटइतका प्रखर असतो आणि विसरला तर मागच्याचा प्रवास नकोसा करून सोडतो.

खरी दुर्लक्षित गोष्ट आहे ती स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, खाली, शून्यापासून तीन-चारपर्यंत आकडे असलेली छोटी चकती. हेडलाईटची उंची तिने ठरते. मागे तीन माणसं आणि डिकीत गावाहून आणलेली तांदळाची पोती असली की गाडीची शेपटी खाली बसते, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. बहुतेक गाड्यांत शून्य म्हणजे झोत सर्वांत वर. माल वाढेल तसा आकडा वाढवायचा. समोरचे सगळे तुम्हाला दिवे लुकलुकवून दाखवत असतील आणि तुमचा दिवा डिपरवरच असेल, तर चूक त्यांची नाही, ही चकती बघा.

डिपर असूनही तक्रार येण्याचं दुसरं कारण म्हणजे बाजारातले एलईडी बल्ब. हॅलोजन एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती प्रकाश कापून खाली पाडते. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात एलईडी घुसवला की उजेड पांढराशुभ्र दिसतो, पण तो वाटेल तिकडे फेकला जातो. जवळचं लख्ख, लांबचं गायब, आणि समोरच्याला आंधळेपण. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब टाकणाऱ्यांचे होल्डर वितळतात आणि वायरिंग तापतं. उजेड कमी वाटत असेल तर आधी हेडलाईटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं. हॅलोजन बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथेच काच फुटते.

इंडिकेटर: उशिरा, चुकीचा किंवा कायमचा

ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. लेन बदलायला सुरुवात केल्यावर इंडिकेटर देणं म्हणजे निर्णय झाल्यावर कळवणं. आधी आरसा, मग इंडिकेटर, तीन सेकंद थांबून मग चाक. कांडी हलकेच ढकलून सोडली की इंडिकेटर तीनदाच लुकलुकतो. शहरात ठीक आहे, द्रुतगती मार्गावर तीन लुकलुकी म्हणजे जेमतेम दोन सेकंद. तिथे कांडी पूर्ण दाबा आणि लेन बदलल्यावर आठवणीने परत आणा. लेन बदलताना चाक इतकं थोडं वळतं की इंडिकेटर स्वतःहून बंद होत नाही. दहा किलोमीटर उजवा इंडिकेटर लुकलुकवत जाणारी मंडळी यातूनच तयार होतात.

मारुती, होंडा, टोयोटा चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला इंडिकेटर असतो, फोक्सवॅगन, स्कोडात डाव्या. दुसऱ्याची गाडी घेतली की वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो. हसण्यावारी नेऊ नका. निघण्याआधी दोन्ही कांड्या एकदा हलवून बघा.

ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचा एक खास देशी गोंधळ आहे. एकपदरी रस्त्यावर काही चालक तो ‘पुढे मोकळं आहे, काढ गाडी’ अशा अर्थाने देतात, काही खरोखर उजवीकडे वळायला देतात. फरक बाहेरून ओळखता येत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी समोरचा रस्ता दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही, ट्रकवाला कितीही प्रेमाने बोलवत असला तरी.

आता बिघाडांचं. इंडिकेटरची टकटक अचानक दुप्पट वेगाने होऊ लागली, तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेला आहे. गाडीच त्या मार्गाने सांगते. साधारण वेग मिनिटाला ६० ते १२० लुकलुकी असतो. बल्ब बदलून एलईडी टाकला तरी हेच होतं, कारण एलईडी वीज कमी ओढतो आणि दिवे लुकलुकवणाऱ्या रिलेला वाटतं बल्ब उडाला. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद, पण हॅझर्ड चालू, असं असेल तर बल्ब ठीक आहेत. फ्यूज किंवा कांडीतला स्विच तपासायला सांगा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, टेल लाईट लावला की ब्रेक लाईट मंद होतो, असे भुताटकीचे प्रकार दिसले तर नव्वद टक्के अर्थिंग सैल किंवा गंजलेलं असतं. कोकणात, किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. बल्बवर बल्ब बदलत बसू नका. पहिल्या पावसानंतर हेडलाईटच्या आत पातळ वाफ दिसली आणि दिवा लावल्यावर गेली तर चिंता नको. थेंब साचले असतील तर बल्ब बदलताना मागचं रबरी झाकण नीट बसवलेलं नाही.

क्रूझ कंट्रोल आणि विसरलेला वेग

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूर ते आमणे असा पूर्ण ७०१ किलोमीटरचा खुला झाला आणि पाय उचलला तरी ठरवलेला वेग राखणाऱ्या क्रूझचं बटण आयुष्यात पहिल्यांदा दाबणारे बरेच झाले. पहिली तक्रार ठरलेली: ‘बटण दाबलं, पण गाडी वेग धरत नाही.’ मुख्य बटण नुसतं तयार करतं. हवा तो वेग गाठून ‘सेट’ दाबावं लागतं, आणि ते साधारण ताशी ३०-४० च्या वरच चालतं. पडद्यावर वेगमर्यादेचं चिन्ह असेल, तर तुम्ही क्रूझऐवजी स्पीड लिमिटर लावलाय. त्यात पाय उचलला की गाडी मंदावणारच.

खरा धोका ‘रिझ्यूम’मध्ये, म्हणजे आधी सेट केलेला वेग परत आणणाऱ्या बटणात, आहे. समजा महामार्गावर ११० वर सेट केलं, ब्रेकने क्रूझ सुटला, टोलनाक्यावरून बाहेर पडून गावच्या रस्त्याला लागलात. आता पन्नासने चाललाय आणि बोट चुकून त्या बटणावर पडलं. गाडीला ११० आठवतंय. ती तिकडेच निघते. ब्रेकने किंवा ‘कॅन्सल’ने क्रूझ सुटतो, आठवण पुसली जात नाही. महामार्ग सोडताना मुख्य बटण बंद करा.

साधा क्रूझ पुढची गाडी बघत नाही आणि बहुतेक गाड्यांत ब्रेकही लावत नाही. कसारा घाट उतरताना तो वेग वाढू देतो. तिथे क्रूझ बंद, गिअर खालचा. पावसात तर अजिबात नको. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की पाय उचलणं हा पहिला उपाय, पण क्रूझमध्ये पाय आधीच उचललेला असतो आणि गाडी वेग टिकवायला धडपडत असते. माझं मत विचाराल तर दुपारी दोनला, जेवण झाल्यावर, त्या सरळ रस्त्यावर क्रूझ लावूच नये. पायाला काम उरलं नाही की डोळे मिटायला लागतात.

अंतर राखणारा अडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर त्याचा रडार पुढच्या ग्रिलमध्ये किंवा बंपरमध्ये असतो. चिखल बसला की तो संप करतो. दसऱ्याला झेंडूचा जाड हार बरोबर त्याच्यासमोर बांधला जातो आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर इशारा येतो. हार काढा, जागा पुसा. रडार चालू असतानाही रस्त्यात उभ्या वाहनावर किंवा उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीवर त्याची भिस्त ठेवू नका.

शेवटी एक बिघाड, ज्याला मेकॅनिकही कधीकधी फिरवत बसतात. क्रूझ सेटच होत नाही, ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून निघत नाही, बटणाने गाडी कधी चालू होते, कधी नाही. या तिन्ही तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी संशयित एकच असू शकतो: ब्रेक पॅडलवरचा छोटा स्विच. ब्रेक दाबलाय की नाही हे गाडीला त्याच्याकडूनच कळतं आणि मागचे ब्रेक लाईटही त्यानेच लागतात. रात्री गाडी मागे भिंतीजवळ लावा, पॅडल दाबा-सोडा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. दाबल्यावर उजेड वाढत नसेल किंवा सोडल्यावरही तसाच राहत असेल, तर मेकॅनिकला क्रूझचं मॉड्यूल उघडू देण्याआधी तो स्विच बदलायला सांगा.