जर्मनीत उतरलात आणि फोन म्हणतो ‘नो सिम’

ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू झालं की श्टुटगार्टला आपल्याकडची मुलं येऊ लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी उसन्या फोनवरून मला विचारणा होते, “दादा, फोन सिमच घेत नाहीये, काय करू?” व्हॉट्सॲप वायफायवर चालतंय म्हणून बरेच जण चार-सहा दिवस तसेच काढतात. तसं करू नका. जर्मनीत सिम नसलेल्या फोनवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. उगाच केलेले कॉल फार यायचे, म्हणून २००९ पासून ती सोय बंद आहे. रविवारी दुकानंही बंद असतात. त्यामुळे फोन बिघडला त्याच दिवशी हात घाला.

आधी स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ‘नो सिम’ म्हणजे फोनला कार्ड दिसतच नाही. ‘नो सर्व्हिस’ म्हणजे कार्ड दिसतंय, नेटवर्क मिळत नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नवं सिम घातल्यावर दुसरं वाक्य दिसलं, तर बहुतेक वेळा ओळख पटवायची राहिलेली असते. इथे २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्र दाखवावंच लागतं. व्हिडिओ कॉलवर जमलं नाही, तर पासपोर्ट घेऊन पोस्टात जाऊन ते करता येतं का, हे कंपनीला विचारा.

‘नो सिम’ असेल तर फोन बंद करा आणि ट्रे बाहेर काढा. पिन नसेल तर कानातल्याची बारीक दांडी चालते, पण ट्रेच्या जवळ माइकचंही तसंच भोक असू शकतं, त्यात खुपसू नका. कार्डाचा तिरका कापलेला कोपरा ट्रेच्या तिरक्या कोपऱ्याशी जुळतोय का बघा. सोनेरी बाजू मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते.

गेल्या वर्षी नाशिकचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने ट्रे टेबलावर ठेवला, तेव्हा दिसलं की त्याचं भारतातलं सिम कधीकाळी दुकानात कात्रीने कापून छोटं केलेलं होतं. एक कड केसाएवढी जास्त राहिली होती, त्यामुळे कार्ड ट्रेमध्ये किंचित उचलून बसत होतं आणि फोनमधल्या टाचण्या सोनेरी भागाला धड टेकत नव्हत्या. भारतात तेच कार्ड कधी चालायचं, कधी नाही, असं तो म्हणाला. प्रवासातल्या हिसक्यांनी ते पार बंद झालं. त्याच्या बँकेचे सगळे ओटीपी त्या नंबरवर यायचे. ते कार्ड माझ्या फोनमध्ये घातलं, तिथेही दिसेना. माझं कार्ड त्याच्या फोनमध्ये लगेच चाललं. दोन मिनिटांत कळलं की फोन ठणठणीत आहे, दोष कार्डाचा आहे. अशी अदलाबदल केल्याशिवाय दुरुस्तीच्या दुकानात पैसे देऊ नका.

तुमच्या फोनमध्ये कुठलंच कार्ड दिसत नसेल तर *#०६# दाबा. आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आलाच नाही, तर बिघाड फोनच्या आत आहे. नंबर आला, तर एकदा नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करून बघा. वायफायचे पासवर्ड पुसले जातील, ते आधी लिहून ठेवा. मात्र ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच भरलेलं सिम) असेल तर ते डिलीट करू नका. ते भरताना स्कॅन केलेला क्यूआर कोड बऱ्याचदा दुसऱ्यांदा चालत नाही.

जर्मन सिम फोन चालू करताना ४ आकडी पिन मागतं. आपल्याकडे ही सवय नसते, म्हणून मुलं अंदाजाने आकडे दाबतात. ३ वेळा चुकलं की सिम पुन्हा उघडायला ८ आकडी पीयूके कोड लागतो, आणि तो १० वेळा चुकला की कार्ड कायमचं गेलं. हे दोन्ही आकडे सिम ज्या मोठ्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढता, त्यावर किंवा सोबतच्या कागदावर असतात. ते फेकू नका, पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.

निघण्याआधी सॅमसंगचा कोरा फोन घेतला असेल, तर खोक्यावरची चिठ्ठी वाचा. काही मॉडेलांवर आधी भारतीय सिमने ५ मिनिटं बोलावं लागतं, नाहीतर परदेशी सिम घातल्यावर फोन लॉक होतो.

आणि अजून घरीच असाल तर जुनं, कापलेलं सिम आत्ताच बदलून घ्या. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. रोमिंगही तिथूनच सुरू करून घ्या आणि बँकेचा एक ओटीपी त्या नव्या कार्डावर येतोय ना, ते घरी बसून बघा. नाशिकच्या त्या मुलाला बदली सिमसाठी डिसेंबरच्या सुट्टीत घरी जाईपर्यंत थांबावं लागलं, आणि तोवर घरून आलेले पैसे भारतातल्या खात्यात नुसते पडून होते.