न्हाणीची जाळी बसवताना या चुका टाळा

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत आता न्हाणीलाही टाइल्स लागतात, आणि पाणी जायला खाली जाळी बसते. पण घर होऊन दोन महिने झाले नाहीत की मला फोन येतो, "भाऊ, न्हाणीत पाणी तुंबते, वास येते." वीस वर्षं हेच काम करतोय, कारणंही तीच.

सगळ्यात मोठी चूक ढाळाची. एका घरी पोरीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मिस्त्रीनं घाईत टाइल्स डोळ्याच्या अंदाजानं लावल्या आणि जाळी सगळ्यात शेवटी ठोकली. ती दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर राहिली. हळदीच्या सकाळी पाहुण्यांच्या आंघोळी सुरू झाल्या, आणि साबणाचं पाणी जाळीला वळसा घालून उंबऱ्यावरून थेट स्वयंपाकघरात. काकू पोती टाकून पाणी अडवत होत्या. लग्न उरकल्यावर नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या, तो आवाज अजून कानात आहे.

मी आधी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी साठून राहणारं भांडं, बसवतो, जाळीची पातळी पक्की करतो आणि तिथून भिंतीकडे चढत जातो, मीटरला एक ते दीड सेंटीमीटर. जाळी टाइलच्या किंचित खालीच. कोबा, म्हणजे टाइलखालचा सिमेंटचा थर, वाळला की टाइल लावण्याआधी बादलीभर पाणी ओततो. कोपऱ्यात डबकं राहिलं तर कोबाच दुरुस्त करायचा, टाइलखाली मसाला वाढवून भागवायचं नाही. "लवकर आटपा" म्हणणाऱ्या घरमालकाला मी ते डबकं दाखवतो.

दुसरी चूक पाहिली की राग येतो. न्हाणीच्या ट्रॅपमध्ये उलटी वाटी असते. तिच्या कडा पाण्यात बुडालेल्या राहतात, आणि गटाराचा वास, झुरळं, गोम यांना अडवतं ते हेच पाणी. ते 50 मिलिमीटर खोल हवं. पाणी हळू जातं म्हणून लोक वाटीच काढून फेकतात, आणि मग घरभर उदबत्त्या लावत बसतात. अहो, पाणी हळू जातं ते आतल्या केसांमुळे आणि गाळामुळे! मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो, बरेच दिवस घर बंद असलं तर हे पाणी आटतं. गावाला जाताना जाळीत दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल सोडा.

पाईप 75 मिलिमीटरचा घ्या, बारीक नको. काळ्या मातीतून नेताना त्याच्या खाली-वर रेती किंवा मुरूम भरा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पाईपचे जोड उघडतात. शोषखड्डाही काळ्या मातीतच थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खोदा.

जाळी स्टेनलेस स्टीलची, 304 ग्रेडची. मुलामा दिलेली आपल्या जड पाण्यात टिकत नाही. पांढरा थर लिंबानं घासा. ॲसिडनं टाइलचे सांधे खाल्ले जातात, आणि ते ब्लीचिंग पावडरवर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत जिवावर बेततं.

पेरणीच्या दिवसांत शेतातून आल्यावर चिखलाचे पाय अंगणातच धुवा, म्हणजे ट्रॅपमध्ये गाळ साचणार नाही.

माझ्या घरी दर रविवारी जाळी उचलतो, वाकड्या तारेनं केसांचा गुंता ओढून काढतो, जुन्या ब्रशनं वाटी आतून घासतो. परत ठेवल्यावर बोटानं दाबून पाहतो, हलत असेल तर पुन्हा बसवतो.